व्हेनिस आणि ॲमस्टरडॅम : नोव्हेंबर, आई-बाबा आणि कॅमेरा (मदत हवी आहे)

ओंजळ | ४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

१४ ते २६ नोव्हेंबर सुट्टी मंजूर झाली आहे. ताई ॲमस्टरडॅमजवळ ॲम्स्टलवेनला असते, तिच्याकडे आई-बाबांना घेऊन जायचंय. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभं आयुष्य कालवे, दारं आणि पाणीपाळ्या यांत गेलं. भर शहरातून एवढे कालवे फिरतात तरी ते पाणी नासत कसं नाही, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचंय. आईला व्हेनिस बघायचंय. का म्हणून विचारलं तर नुसती हसते, पण लग्नानंतर तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली सहल आहे. मला दोन्हीकडे मनसोक्त फोटो काढायचेत.

आत्ताचा आराखडा : व्हेनिस २ रात्री (हॉटेल मेस्त्रेला, म्हणजे बेटांबाहेर मुख्य भूमीवर, जवळपास निम्म्या दरात मिळतंय), पॅरिस २, बेल्जियममधलं ब्रुज १, मग ताईकडे. तिथून एक दिवस गीथोर्न, नेदरलँड्समधलं कालव्यांचं गाव.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर तासभर आरामात चालतात, जिने मात्र मोजून. कॅमेरा फुल फ्रेम मिररलेस, सोबत २४-७० आणि ७०-२०० या लेन्स आणि ट्रायपॉड.

कुठे चुकतेय, स्पष्ट सांगा.

उजेडवेडा | ४ सप्टेंबर

स्पष्ट सांगायला सांगितलंस म्हणून सांगतो. ही तीन सहलींची यादी आहे. बारा दिवसांत पाच ठिकाणं, त्यातले प्रवासाचे अर्धे-अर्धे दिवस वजा कर, हातात काय उरतं बघ.

कालव्यांच्या शहरात फोटो मिळतो तो पहाटे आणि दिवे लागल्यावर. मेस्त्रेहून व्हेनिस शहरातलं सांता लूचिया स्टेशन गाडीने दहाच मिनिटं आहे, हे खरं. पण सकाळी सहाला उठून दहा मिनिटांची गाडी पकडणं, आणि दार उघडून समोर पाणी असणं, यात फार फरक आहे. दुपारी पाय दुखले की खोलीवर येऊन पडता येतं, हा बाबांसाठी आणखी मोठा फायदा.

पॅरिस आणि ब्रुज काढून टाक. व्हेनिसला पाच रात्री दे, आणि शहरातच राहा.

डच_पाऊस | ५ सप्टेंबर

वरच्याशी सहमत. मी उत्रेख्तला नऊ वर्षं आहे.

ब्रुज सुंदरच आहे, पण तिथल्या कालव्यातल्या बोटी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून हिवाळाभर बंद असतात. एका रात्रीसाठी सामान ओढत जाऊ नकोस. गीथोर्नही नोव्हेंबरात ओलं आणि सुनं असतं. त्याऐवजी ॲमस्टरडॅमहून अर्ध्या तासाच्या गाडीने उत्रेख्तला या. इथला आउडेग्राख्त हा कालवा दोन मजली आहे : वर रस्ता आणि दुकानं, खाली पाण्याच्या पातळीला धक्का, आणि त्या धक्क्यावर उघडणारी जुनी तळघरं. बोटीतला माल थेट घराच्या पोटात जायचा. तुझ्या बाबांना हे दाखवायलाच हवं.

व्हिसाचंही आत्ताच बघ. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. व्हेनिस पाच आणि ताईकडे सहा झाल्या तर अर्ज नेदरलँड्सकडे. फी मोठ्यांना ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. निर्णयाला सर्वसाधारण पंधरा दिवस धरतात, पण दिवाळीच्या आसपास अपॉइंटमेंट मिळणंच अवघड जातं. आराखडा या आठवड्यात पक्का करून टाक.

नवखी_वाट | ५ सप्टेंबर

वाचनखूण (वाखू) साठवली. आम्हीही पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. व्हेनिसमध्ये शिरायला तिकीट लावलंय म्हणे, ते खरं का?

खाडीकाठ | ५ सप्टेंबर

@नवखी_वाट, खरं आहे, पण सगळ्यांना नाही. २५ एप्रिल २०२४ पासून सुरू झालं. एका दिवसापुरते येणाऱ्यांना, ठरावीक तारखांना, सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत. पहिल्या वर्षी ५ युरो होते, पुढच्या वर्षी आयत्या वेळी नोंदवणाऱ्यांना १० केले. आजवर त्या तारखा एप्रिल ते जुलै अशाच राहिल्यात. रात्री मुक्काम असेल त्याला माफ, मात्र माफीचीही नोंद करावी लागते. मुक्कामाचा शहरकर हॉटेलात वेगळा भरायचा.

@ओंजळ, मी बोटीवर होतो. मार्गेरा बंदरात जहाज लागलं की सुट्टीच्या दिवशी व्हेनिस पायाखाली घालायचो. घर रत्नागिरीकडे खाडीच्या काठाला, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी पाणी बघतो. व्हेनिसचं पाणी समजून घेतलंस तर तुझे फोटो निम्मे तिथेच झाले.

बाबांना सांग की व्हेनिसचे बहुतेक 'कालवे' खणलेले नाहीत. ती मुळात खाजणातली बेटं, शंभरावर. बेटांमधले पाण्याचे ओहोळ राहिले, त्यांच्या कडा बांधून काढल्या. म्हणजे त्यांच्या भाषेत कालवा नाहीच, खाडीचा फाटा. पाणी रोज दोनदा समुद्रातून येतं आणि दोनदा जातं. शहर धुऊन काढायचं काम भरती-ओहोटीच करते. आणि ते खाजण बुजू नये म्हणून व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने काय केलं असेल? ब्रेंता, पियावे, सीले या नद्यांची तोंडंच वळवून टाकली, गाळ थेट समुद्रात जावा म्हणून. शेकडो वर्षं चाललेलं काम आहे ते. हे ऐकून पाटबंधाऱ्याचा माणूस रात्री झोपायचा नाही.

आता फोटोंचं. आपल्याकडे उधाणाला दोन-तीन मीटर फरक पडतो, तिथे जेमतेम मीटरभर. पण तेवढ्यानेही चित्र बदलतं. ओहोटीला भिंतींचा खालचा हिरवा-काळा शेवाळी पट्टा उघडा पडतो, पायऱ्या दिसतात, थोडा वासही येतो. भरतीला पाणी उंबऱ्याशी येतं आणि घर तरंगल्यासारखं दिसतं. प्रतिबिंब हवं असेल तर भरती पुरी होऊन पाणी उभं राहतं तो अर्धा-पाऊण तास धर, आणि तो पहाटे येईल असा दिवस बघ. उजाडल्यावर मालाच्या बोटी सुरू झाल्या की लाटा थांबत नाहीत. रविवारची सकाळ सगळ्यात शांत. व्हेनिस महापालिकेचं भरतीच्या अंदाजाचं केंद्र आहे, ते तासातासाचे आकडे देतं. ॲपही आहे. जायच्या आधी आठवडाभर रोज उघडून बघ, सवय होईल.

पैठणी_आणि_पासपोर्ट | ६ सप्टेंबर

आम्ही दोघं २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे होतो, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

ओंजळ, गुडघ्याचं मी सांगते, माझ्या यजमानांचीही तीच कथा. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळपास प्रत्येकाला पायऱ्या. नकाशावर पाच मिनिटांचं अंतर दिसतं, वाटेत तीन पूल निघतात. वर सामान असेल तर विचारूच नकोस. म्हणून हॉटेल निवडताना तारे आणि नाश्ता बघायच्या आधी एकच बघ : व्हापोरेत्तोच्या (म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसच्या) धक्क्यापासून दारापर्यंत पूल लागतो का?

आम्हाला सापडलेली जागा म्हणजे दोर्सोदुरो भागातला आकादेमिया ते झात्तेरे हा पट्टा. रिओ तेरा फोस्कारिनी नावाचा रुंद रस्ता एका टोकाला आकादेमियाच्या धक्क्याजवळ निघतो, दुसऱ्या टोकाला झात्तेरेच्या धक्क्याजवळ. मध्ये एकही पूल नाही. 'रिओ तेरा' म्हणजे बुजवून रस्ता केलेला कालवा, हेही बाबांना सांग. एका बाजूला ग्रँड कनाल हा शहरातला मुख्य कालवा, दुसऱ्या बाजूला समोरच्या जुदेक्का बेटापर्यंतचं रुंद पाणी आणि ऊन पडणारा सपाट काठ. तिथेच जवळ सान त्रोवाझोचा स्क्वेरो आहे, म्हणजे गोंडोला बांधायची आणि दुरुस्त करायची जुनी गोदी. समोरच्या काठावर निवांत उभं राहून बघता येते. ऑक्टोबरातल्या मॅरेथॉनसाठी झात्तेरेच्या बाजूच्या पुलांवर रॅम्प टाकतात, ते नंतरही काही महिने ठेवतात. तुमच्या तारखांना असतील.

विमानतळावरून बसने पियाझ्झाले रोमा, तिथून व्हापोरेत्तोने आकादेमिया. एकही पूल नाही.

ओंजळ | ६ सप्टेंबर

काकू, तुम्ही माझं केवढं मोठं काम केलंत. बाबांना 'बुजवलेला कालवा' वाचून दाखवलं, तर त्यांनी लगेच विचारलं, मग पावसाचं पाणी कुठे काढलं? ते आता वहीत प्रश्न लिहून ठेवताहेत.

पॅरिस, ब्रुज, गीथोर्न रद्द. व्हेनिस ५ रात्री, ताईकडे ६. नोव्हेंबरात ते पुराचं पाणी, आक्वा आल्ता, बघायला मिळेल का? सान मार्कोच्या चौकात पाणी साठून त्यात अख्खं चर्च उलटं दिसतं, असे प्रचि (प्रकाशचित्रं) पाहिलेत. तसा एक तरी हवा आहे.

पैठणी_आणि_पासपोर्ट | ७ सप्टेंबर

बाळा, यावर थोडं लिहिते.

१२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटीमीटरवर गेलं. त्याहून जास्त फक्त १९६६ साली, ४ नोव्हेंबरला, १९४. आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली हॉटेलच्या दिवाणखान्यात मांड्यांपर्यंत पाणी, वारा असा की खिडकीच्या झडपा तुटतील. मालकीणबाई आणि त्यांचा मुलगा अंधारात फ्रीज उचलून टेबलावर ठेवत होते. आम्ही मदतीला उतरलो. सकाळी रस्त्यात भिजलेल्या पुस्तकांचे, गाद्यांचे, कपड्यांचे ढीग. एक म्हातारे दुकानदार एकेक कागद पुसून दोरीवर टाकत होते, आणि त्यांच्या समोर उभं राहून लोक हसत सेल्फी काढत होते. २००५ चा २६ जुलै आम्ही कल्याणला काढलाय. आपल्या घरात पाणी शिरलं असताना कुणी दारात उभं राहून फोटो काढले असते, तर कसं वाटलं असतं?

चौकात पाणी आलं तर जरूर काढ, ते दिसतंही सुंदर. फक्त ते मागत जाऊ नकोस.

उजेडवेडा | ७ सप्टेंबर

काकू, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः २०१८ मध्ये गुडघाभर पाण्यात उभा राहून असे फोटो काढलेत, आणि तेव्हा फक्त चौकटीचा विचार केला. ते आता वेगळे दिसतात.

खाडीकाठ | ७ सप्टेंबर

आता परिस्थितीही बदलली आहे. लीदो, मालामोक्को आणि क्योज्जा या खाजणाच्या तीन तोंडांवर ७८ पोलादी झडपा बसवल्यात, नाव 'मोझे'. एरवी तळाशी पाण्याने भरून आडव्या पडलेल्या असतात. भरती ११० सेंटीमीटरच्या वर जाणार असा अंदाज आला की त्यांत हवा भरतात, पाणी बाहेर ढकललं जातं आणि झडपा बिजागरीवर उभ्या राहतात. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला लावल्या आणि शहर कोरडं राहिलं. बाबांच्या वहीत हे पहिल्या पानावर हवं.

सान मार्कोचा चौक सखल आहे, ८० च्या आसपासच तिथे पाणी दिसू लागतं. म्हणजे ८० ते ११० या टप्प्यात अजूनही घोटाभर साठतं. बसिलिकाभोवती २०२२ पासून काचेची भिंत आहे, तेवढं चर्च वाचतं. हे आकडे चौकातल्या पाण्याच्या खोलीचे नाहीत. सालुते चर्चजवळच्या टोकावरच्या मापकाच्या १८९७ च्या शून्यापासून मोजलेले आहेत. १३० वाचून घाबरू नका.

उजेडवेडा | ८ सप्टेंबर

फोटोंबद्दल माझे दोन पैसे.

ट्रायपॉड घरी ठेव. गल्ल्या इतक्या अरुंद की तू पाय पसरलेस तर भाजीची ढकलगाडी अडते. पुलाचा दगडी कठडा हाच ट्रायपॉड, त्यावर मफलर ठेव आणि कॅमेरा टेकव. ७०-२०० सुद्धा ठेव, किंवा नेलास तर फक्त एका कामासाठी : सकाळी धुक्यात झात्तेरेवरून पलीकडच्या जुदेक्काच्या घरांचे थर काढायला. बाकी सगळं २४-७० वर होतं. ३५ मिमीची एखादी हलकी प्राइम (झूम नसलेली) लेन्स असेल तर तीच गळ्यात घाल.

उन्हाळ्यात निळी वेळ गाठायला रात्री दहापर्यंत जागावं लागतं आणि पहाट पाचच्या आत होते. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. पाच ते सव्वापाच निळं आकाश आणि पेटलेले दिवे एकत्र मिळतात, मग जेवायला मोकळे. आई-बाबाही बरोबर उभे राहू शकतील. सान मार्कोच्या आसपासच्या दिव्यांची काच गुलाबीसर आहे, ऑटो व्हाइट बॅलन्स तो रंग पुसून टाकतो. ४००० केल्विनच्या जवळपास हाताने लाव.

अरुंद कालव्यात थेट ऊन शोधू नकोस. एका बाजूच्या भिंतीवर वर ऊन पडतं आणि खाली सावलीतल्या पाण्यात त्या भिंतीचा रंग उतरतो, गेरू, विटकरी, पिवळा. सगळा खेळ तिथे आहे. एक्स्पोजर त्या उजळ भिंतीवर धर, अर्धा-पाऊण स्टॉप कमीच ठेव. पोलरायझर पाण्यावर फिरवलास तर प्रतिबिंबच जाईल. तो पावसानंतरच्या ओल्या फरशीसाठी ठेव. व्हापोरेत्तोवरून काढताना शटर १/५०० च्या खाली नको, इंजिनाची थरथर असते.

थंडीतून गरम खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद कर, अर्ध्या तासाने काढ. नाहीतर लेन्सवर दव धरतं.

ड्रोनचा विचारही नको, दोन्ही शहरांत बंदी आहे.

डच_पाऊस | ८ सप्टेंबर

ॲमस्टरडॅमसाठी माझी भर.

उन्हाळ्यातले फोटो बघून लोक येतात आणि खट्टू होतात, पण खरं तर नोव्हेंबरची अखेर छान. काठावरच्या एल्म झाडांची पानं गळालेली असतात, त्यामुळे घरांचे दर्शनी भाग उघडे होतात. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे सतराव्या शतकातले तीन मोठे कालवे, २०१० पासून जागतिक वारसा. ब्राउअर्सग्राख्तवर वखारी आहेत. घरं पुढे झुकलेली दिसतील, बरीचशी मुद्दामच तशी बांधलीत. वर आकडा असतो, त्याला दोर लावून सामान खिडकीतून आत घेतात, भिंतीला घासू नये म्हणून ती कललेली. त्यामुळे कॅमेरा पातळीत धर. तूही वर कलवलास तर फोटोत कोण कललंय ते कळत नाही.

तांबड्या डांबराची पट्टी सायकलींची. फोटो काढताना मागे सरकत त्यावर जाऊ नकोस, आई-बाबांना तर पहिल्याच दिवशी सांग. घरांना पडदे नसतात, आतला दिवा आणि पुस्तकं दिसतात, मोह होतो. आत लेन्स लावू नकोस.

आणि बाबांसाठी : डाम चौकातला राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. इथल्या मुलांना तो आकडा पाठ असतो, वर्षाचे दिवस ३६५, आधी १, नंतर ९. आम्स्टेल नदीवर कारे नाट्यगृहापाशी १६७३-७४ मधली आम्स्टेलस्लाउझन ही दारं आहेत. पूर्वी रात्री दारं लावून आयमेअर सरोवराचं ताजं पाणी आत घ्यायचे आणि कालव्यांतून फिरवायचे. हाउसबोटी सांडपाण्याच्या नळाला जोडल्यापासून त्याची गरज बरीच कमी झाली. नगरपालिकेच्या स्टोपेरा इमारतीत काचेचे उंच स्तंभ आहेत, त्यांत समुद्राची पातळी प्रत्यक्ष दिसते, आणि एकात १९५३ च्या महापुराची. डोक्याच्या कितीतरी वर. तिथे बाबांना वेळ द्या.

पैठणी_आणि_पासपोर्ट | ९ सप्टेंबर

ओंजळ, तुझ्या तारखा आत्ता नीट बघितल्या. २१ नोव्हेंबरला व्हेनिसमध्येच राहा, काहीही कर. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहरातली सुमारे तिसरा हिस्सा माणसं गेली, तेव्हा सिनेटने नवस केला आणि सालुतेचं चर्च बांधलं. दर २१ नोव्हेंबरला अख्खं शहर तिथे मेणबत्ती लावायला जातं. ग्रँड कनालवर त्या दिवसांपुरता तरंगता पूल घालतात. व्हापोरेत्तोची १ नंबर थेट चर्चच्या पायऱ्यांसमोर उतरवते. आपल्या आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ओंजळ | ९ सप्टेंबर

१७ ते २२ व्हेनिस असं फिरवलं, त्याआधीचे दोन दिवस घरी तयारीला. २२ ते २८ ताईकडे, सुट्टी दोन दिवस वाढवून मागितली आणि मिळाली. हॉटेल झात्तेरेजवळ घेतलं, मेस्त्रेपेक्षा महाग, पण पॅरिस-ब्रुजचे पैसे वाचले त्यात बसलं. सगळ्यांची ऋणी आहे.

ओंजळ | ४ डिसेंबर

आलो! उशीर झाला, दोघांनाही सर्दी झाली होती.

पहिल्याच सकाळी साडेसहाला मी एकटी बाहेर पडले. धुकं इतकं की जुदेक्का दिसतच नव्हतं, फक्त बोटीचा आवाज पुढे जात होता. परत आले तर बाबा काठावरच्या बाकावर बसलेले, वही मांडीवर. रोज पाण्याची पातळी एका पायरीवर धरून लिहीत होते, सकाळी आणि संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, उद्या साडेसातला पाणी उभं राहील. खाडीकाठदादा, ॲपपेक्षा पाचच मिनिटांचा फरक. त्या सकाळचे सान त्रोवाझोचे प्रचि खाली देतेय, गोदीचं लाकडी घर आणि उलटे पडलेले दोन काळे गोंडोला, पाण्यात जसेच्या तसे.

७२ तासांचा पास ४५ युरोचा घेतला आणि बाबांना गुडघा आठवलाच नाही. दुपारी ते १ नंबरमध्ये मागच्या उघड्या बाकावर बसून ग्रँड कनालच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकेका महालाची पाण्यातली पायरी किती झिजलीय, ते बघत.

गोंडोला ९० युरो, अर्धा तास. आई नको म्हणाली. मग रियाल्तोच्या मासळीबाजाराजवळ, सांता सोफियाच्या त्रागेत्तोने आम्ही दोघी पलीकडे गेलो, माणशी २ युरो. तोही गोंडोलाच, फक्त कालवा ओलांडून देतो. भाज्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका होत्या. आई त्यांच्यातच उभी राहिली, कुणाचा आधार न घेता. त्या दोन मिनिटांत मी फोटो काढला नाही, तिचा हात धरायला तयार राहिले होते.

बुरानो बेटावर १२ नंबरच्या सकाळच्या बोटीने गेलो. रंगीत घरं आहेतच, पण मला दारातले पडदे आवडले. दाराबाहेर कापडी पडदा, वाऱ्याने हलणारा. एका आजींनी आईची साडी बघितली, आणि मग दोघी एकमेकींच्या पदराची आणि लेसची वीण बघत बसल्या. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. त्यांना विचारूनच फोटो काढला, पण तो घरापुरता ठेवतेय.

चौकात पाणी आलं नाही. वाईट वाटलं नाही, काकू.

२१ ला सालुते. रांग मोठी, थंडी बोचरी, सगळं शहर होतं, तान्ह्या बाळांपासून काठी टेकत आलेल्यांपर्यंत. बाहेर मेणबत्त्यांचे आणि गोडाधोडाचे गाडे, अगदी आपल्या जत्रेसारखे. आईने एक लांब मेणबत्ती घेतली. आत ती लावणाऱ्यांच्या हातात द्यायची असते. तिने दिली आणि मग नमस्कार करून उभी राहिली. बाहेर आल्यावर तिने सांगितलं. माझ्या जन्माच्या आधी, दवाखान्यात दोन महिने पडून असताना, समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर याच घुमटाचं चित्र होतं, पाण्याकाठचं. ती रोज ते बघायची. मी नीट झाले तर एकदा तिथे जाईन, असं तिने मनाशी म्हटलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. ते देऊळ कुठलं हेही तिला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

तिचा त्या दिवशीचा एक प्रचि देतेय, तिच्या परवानगीने. ३५ मिमी, आयएसओ ३२००, १/६०. थोडा हललाय. तसाच ठेवला.

ॲमस्टरडॅमला चार दिवस पाऊस. डच_पाऊसताई, स्टोपेरातल्या त्या १९५३ च्या स्तंभाखाली बाबा अर्धा तास उभे होते. गीथोर्नऐवजी ताईने गाडी काढून त्यांना आफ्स्लाउटडाइकवर नेलं, १९३२ सालचा ३२ किलोमीटरचा बांध, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं. बाबा तरीही उतरले.

उजेडवेडा | ४ डिसेंबर

हललेलाच बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस. छापून घे, मॅट कागदावर.

पैठणी_आणि_पासपोर्ट | ४ डिसेंबर

डोळे भरून आले ग. आईला माझा नमस्कार सांग.

नवखी_वाट | ५ डिसेंबर

बुरानोला किती वाजता पोचलात? आणि बोट कुठून पकडली?

ओंजळ | ५ डिसेंबर

फोंदामेंते नोव्हेहून, पाऊण तासाच्या आत पोचतो. आम्ही नऊच्या आधी तिथे होतो, साडेदहानंतर गर्दी सुरू झाली. जमलं तर तिथूनच ९ नंबरने तोर्चेल्लो बेटावर जा, पाच मिनिटांवर आहे. मात्र धक्क्यापासून जुन्या बसिलिकापर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं, रस्ता सपाट आहे.

आता खाली बाबांनी सांगितलेलं लिहितेय, त्यांच्याच शब्दांत :

"सर्वांना नमस्कार. मी नोकरीत असताना कालव्यातलं पाणी म्हणजे ज्याला पोचलं नाही त्याची तक्रार, एवढंच बघितलं. काठावर बसून पाण्याकडे पाहायला वेळ नव्हता. पाच दिवसांच्या नोंदी वहीत आहेत, कुणाला हव्या असल्यास मुलगी फोटो काढून टाकेल. खाडीकाठ यांनी नद्या वळवल्याचं लिहिलं, त्याचे जुने नकाशे कुठे पाहायला मिळतील ते कळवावं. आणि डच_पाऊस यांना विनंती, आम्ही गेलो तेव्हा आम्स्टेलची दारं उघडी होती. ती लावलेली असताना कधी त्या बाजूला गेलात, तर एक फोटो काढून इथे टाका. बिजागरीची बाजू दिसेल असा."

डच_पाऊस | ५ डिसेंबर

काका, शनिवारी ॲमस्टरडॅमला जाणार आहे. दारं लावलेली नसली तरी बिजागरीचा फोटो नक्की काढून टाकते.